इंजिन बंद

“बाई, मी मेलो!”

किसन्या कोकरे उड्या मारत माझ्याकडे आला. त्याच्या सदऱ्यावर छातीच्या जागी खडूची मोठी फुली होती. इयत्ता दुसरी. आयुष्यात पहिल्यांदाच तो कशात तरी पहिला आला होता, त्यामुळे तोंडावर नुसता आनंद.

“मेलास तर उड्या कसल्या मारतोस? झाडाखाली जाऊन पड,” मी म्हटलं.

तो ऐटीत निघाला आणि लिंबाच्या सावलीत हातपाय पसरून आडवा झाला. बाकीची मुलं त्याच्याकडे हेव्यानं बघत राहिली. मी मात्र रस्त्याकडे बघत होते. तिथं लष्करी गाड्यांची रांग थांबली होती. पुढच्या गाडीतून एक धिप्पाड जवान खाली उतरून मान खाली घालून उभा होता, आणि त्याच्यासमोर मेजर नेगी खडूचा तुकडा बोटांत फिरवत होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. खडकेवाडीच्या शाळेत मी तेव्हा पहिली-दुसरीला शिकवत होते. गावामागच्या माळावर छावणी होती. तिथं येणाऱ्या पलटणी सराव करत, निघून जात, आमचा त्यांच्याशी संबंध नसे. त्या वर्षी मात्र एक मराठा पलटण आली, ती थेट आफ्रिकेत जाणार होती. लढायला नव्हे, शांतता राखायला. तिकडच्या एका देशात यादवी माजली होती. गावोगावी धान्य आणि औषधं पोहोचवणाऱ्या गाड्यांना संरक्षण द्यायचं, हे पलटणीचं काम. त्यासाठी माळावर बांबू आणि पत्र्यांचं एक खोटं गाव उभारलं होतं. त्यात बाजार, पाणवठा, चौकी सगळं होतं. फक्त माणसं नव्हती.

एके दिवशी मेजर नेगी शाळेच्या दारात उभे राहिले.

“बाई, पोरं पायजेत मला.”

मी चमकले. माणूस गोरापान, डोळे बारीक, आणि बोली थेट आमच्या शेजारच्या आळीतली.

“तुमचं गाव कुठलं, साहेब?”

“गढवाल. पर मराठी साताऱ्याची हाय. जवानांनी शिकवली. शिव्यांपासनं सुरुवात केली हुती, तुमच्याम्होरं त्या बोलत न्हाय.”

गाड्या खोट्या गावातून जाताना मुलांनी गावच्या मुलांसारखं वागायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. गाड्या माणसाच्या चालीनं चालतील, मुलांमागे साध्या कपड्यातले जवान उभे राहतील, असा शब्द त्यांनी मला आणि पालकांना दिला. आमची अर्धी वस्ती फौजी घरांची. कुणी नाही म्हटलं नाही.

आणि पहिल्याच फेरीत किसन्या मेला.

झालं होतं एवढंच. मुलं “मामा, खाऊ! मामा, खाऊ!” करत गाड्यांच्या कडेनं धावली. पुढच्या गाडीचा प्रमुख होता नाईक दगडू शेलार. त्यानं खिडकीतून लिमलेटची गोळी टाकली. ती चाकाजवळ पडली. किसन्या वाकला. ड्रायव्हरनं गाडी जागीच थांबवली, पण मेजरसाहेब जीपमधून उतरले आणि त्यांनी किसन्याच्या छातीवर फुली मारली.

“चालत्या गाडीतनं कायबी द्यायचं न्हाय. किती येळा सांगितलं?” नेगी विचारत होते.

“लई येळा, साहेब.”

“मग?”

“लेकरू हात पसरून उभं हुतं, साहेब. रिकाम्या हातानं कसं परतवायचं? आमच्यात तसं करत न्हाईत.”

“आमच्यात करत न्हाईत, हे तू त्याच्या आईला सांगशील?”

मी मनात म्हटलं, केवढा हा त्रागा एका गोळीपायी! चौकीवरच्या सरावात एक जवान बंदूकच विसरला होता, तर तिथं साहेब नुसते हसले होते. इथं मात्र त्यांचा चेहरा दगडासारखा. मी विचारलंही, “साहेब, एवढं काय त्यात?”

“नियम हाय, बाई,” ते म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

दुसऱ्या फेरीला शेलारनं मान विरुद्ध बाजूला वळवून ठेवली. मुलं ओरडली, त्यानं बघितलं नाही. माझ्या शाळेच्या मुलांना असं चालत नसतं. तिसरीतली शबाना मुजावर गाडीच्या दाराशी पोहोचली आणि तिनं हाक मारली, “अहो दगडूमामा!” नाव तिनं कुठून काढलं देव जाणे. त्यानं वळून पाहिलं मात्र, आणि त्याच्या मुठीतून चिक्की खाली पडली.

“निसटली, साहेब,” तो म्हणाला.

“दोन्ही पाय बांधले तरी तुझा हात निसटंल,” नेगी म्हणाले. चिक्कीवर दोघं वाकले होते; या वेळी दोन फुल्या पडल्या. “आता शेवटचं. दिल्लीहून ब्रिगेडियरसाहेब येत्यात, त्यांच्याम्होरं फेरी हुईल. त्यात चुकलास तर तू हितंच. पलटण जाईल, तू मागं ऱ्हाशील.”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शेलार शाळेत आला. व्हरांड्यात टोपी काढून बसला. मुलं गोळा झाली, कारण त्याचे खिसे कधी रिकामे नसत. त्यानं सगळ्यांना शेंगदाणे वाटले, मग माझ्याकडं वळला.

“बाई, तुमच्याकडं रोज एवढी लेकरं काय ना काय मागत्यात. तुम्ही न्हाय कसं म्हणता?”

“पोरांना विचारू या,” मी म्हटलं. मला नेहमीच वाटतं, की मुलांविषयीचा प्रश्न मुलांनाच विचारलेला बरा. “काय रे, गाडीमागं का धावता तुम्ही?”

“खाऊसाठी,” किसन्या म्हणाला.

“खाऊ नसला तरी?”

“तरी पण.”

“का?”

“सगळे धावतात म्हणून,” एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, “पहिला नंबर येतो का बघायला.” शबाना जरा विचार करून म्हणाली, “मामांनी आपल्याकडं बघावं म्हणून.”

“मी बघितलं की चिक्की पडती,” शेलार म्हणाला. “न्हाय बघितलं तर जीव तुटतो. काय करू सांगा.” त्याचा आवाज खाली गेला. “पुन्यांदा आमच्या पलटणीचा नंबर लागंस्तवर माझी नोकरी सरलेली असणार. मी घरी म्हशी राखत असणार. समुद्र बघायचाय मला, बाई. इमानात बसायचंय. आमच्या गावातलं कुणीबी गेलं न्हाय तिकडं. आन् एका गोळीवरनं ऱ्हातंय.”

त्याला काय शिकवावं हे मला कळत नव्हतं. पण न कळण्याची मला सवय होती. एखाद्या मुलाला बेरीज येईना की मी त्याला मास्तर करते आणि मी विद्यार्थी होते. कुठं अडतं ते मग दिसतं. तेच करायचं ठरवलं. नेगीसाहेबांकडं शब्द टाकला, आणि रविवारी एक गाडी आणि ड्रायव्हर मिळाला. प्रमुखाच्या जागेवर बसली शबाना. रस्त्याकडेला उभा राहिला नाईक दगडू शेलार, अर्ध्या चड्डीत, कारण किसन्याचा आग्रह होता की पोराचं सोंग घ्यायचं तर फुल पँट चालणार नाही.

“शबाना, तू कुणाकडं बघायचं नाहीस. काही द्यायचं नाहीस,” मी सांगितलं.

गाडी निघाली. शेलार हात पसरून धावू लागला. “मावशी, खाऊ! मावशी, खाऊ!” मुलं हसून लोळत होती. शबाना ताठ बसली होती, नजर समोर. शेलारनं वेग वाढवला. तो दाराच्या जवळ गेला, मग पुढच्या चाकाजवळ, मग बोनेटच्या कडेला. आता शबानाला तो दिसेना. एवढा मोठा गडी, पण वाकून धावत होता, त्यामुळे त्याचा हात तेवढा मधूनच वर येत होता.

शबाना घाबरली. तिनं मला दिलेला शब्द मोडला. ती खिडकीतून अर्धी बाहेर वाकली, शेलारकडं डोळे वटारले, आणि माझ्याच आवाजात ओरडली, “हाताची घडी! तोंडावर बोट!”

आणि शेलार जागच्या जागी थांबला. एक हात दुमडून छातीशी, दुसऱ्या हाताचं बोट तोंडावर. गाडी त्याच्या पुढून निघून गेली आणि तो तसाच उभा.

हसू ओसरायला बराच वेळ लागला. शेलार स्वतःच चकित झाला होता. “बाई, मी थांबलो कसा?” तो विचारत होता. “ती बघत न्हवती तवा मी आनखी पळालो. वाटलं, बघितलंच न्हाय आपल्याला. मग तिनं बघितलं, आन् काम दिलं. मग कशाला पळू?”

मेजरसाहेब मागे येऊन कधी उभे राहिले कळलं नव्हतं. “झकास हाय,” ते म्हणाले. “पर तुम्ही सगळी हितल्या शाळेत शिकल्याली. तिथल्या पोरांना हे कुठनं ठावं असणार?”

“साहेब,” मी म्हटलं, “जूनमध्ये माझ्याकडं पोरं येतात ना, त्यांनाही ठाऊक नसतं. कुणी दप्तर टाकून पळतं, कुणी मला चावतं. कुणीतरी शिकवावंच लागतं.”

“तिथं कोण शिकवणार? गाड्या थांबवून?”

“गाड्यांच्या आधी एखादा माणूस गावात गेला तर? चालत. पोरांत बसून.”

नेगी शेलारकडं बघत राहिले. “त्याला तिथली भाषा येत न्हाय.”

“मला पहिलीतल्या पोरांची येत नाही. तरी चालतं.”

साहेबांनी खिशातला खडू काढून बोटांत फिरवला. मग म्हणाले, “ज्यांना हे ठावं न्हाय, ज्यांची भाषा ह्याला ठावी न्हाय, अशी पोरं दाखवा. ब्रिगेडियरसाहेबांम्होरं तीच उभी करू. जमलं तर ठीक. न्हाय जमलं तर दगडू, तू घरी, आन् मी बी शिव्या खानार.”

अशी मुलं दूर नव्हती. गावाखाली कालव्याचं खोदकाम चाललं होतं. त्यावर तेलंगणाकडची माणसं आली होती. त्यांची पालं माळाच्या उतारावर, मुलं दिवसभर मातीत. मी त्यांना शाळेत आणायचा प्रयत्न करून थकले होते. त्यांच्या मुकादमाला हिंदी येत होती. त्याच्याकडून मी आईबापांना सगळं समजावून सांगितलं, त्यांनी डोकी हलवली, पण एका म्हातारीनं स्वतः बरोबर येणार असं बजावलं.

शेलार तिथं गेला तो पहिल्यांदा हवालदारासारखा. मुलांना रांगेत उभं केलं, स्वतः घडी घालून दाखवली, मोठ्यानं म्हणाला, “असं करायचं! समजलं?” मुलं पालात पळाली. एक नरसम्मा नावाची चिमुरडी तेवढी उरली, ती रडायला लागली.

शेलारनं खिशाकडं हात नेला.

“नाही,” मी म्हटलं.

“बाई, एकच गोळी...”

“गोळी दिलीत तर ती गोळी शिकेल. तुम्हाला काय शिकवायचंय?”

तो खाली बसला. मातीत. त्याला काही सुचत नव्हतं आणि मीही सुचवलं नाही. शेजारी जेवणाची एक ॲल्युमिनियमची थाळी पालथी पडली होती. त्यानं ती उचलली, दोन्ही हातांत स्टिअरिंगसारखी धरली, आणि तोंडानं घुर्रर्र आवाज काढत बसल्या जागी डोलू लागला. नरसम्मा रडता रडता थांबली. मग तो उठला आणि पालांभोवती गाडी होऊन धावू लागला. पालांतून एकेक डोकं बाहेर आलं.

गाडी जवळ आली की तो स्वतःच थांबे, समोरच्याकडं वाकून बघे, आणि हाताची घडी, तोंडावर बोट. समोरच्या पोरानं तसंच केलं, की गाडी अदबीनं मान लववून पुढं जाई. नाही केलं, की गाडी घुर्रर्र करत त्याला उचलून गरागरा फिरवून “मेला” म्हणून बाजूला ठेवी. झालं! मुलांना मरायचंच होतं. गरागरा फिरायला कुणाला नको? सगळी मुद्दाम चुकू लागली.

“आता काय करू?” घामाघूम शेलारनं मला विचारलं.

“तुम्हीच बघा.”

त्यानं बघितलं. मग नियम बदलला. मेलेल्यानं नुसतं बाजूला बसायचं. आणि जो शेवटपर्यंत उभा राहील, त्याला थाळी मिळेल, पुढची गाडी तो होईल. ऊन उतरेपर्यंत तो माळ गाड्यांच्या घुरघुरीनं भरून गेला. शेलारला तेलगूचा एक शब्द कळला नव्हता, पण प्रत्येक मुलाचं नाव पाठ झालं होतं. नरसम्मा मात्र प्रत्येक वेळी मरत होती. गाडी आली की तिचा एक पाय आपोआप पुढं पडे.

त्यानं तिला सोडून द्यावं, उद्याच्या फेरीत घेऊ नये, असं मी सुचवून पाहिलं. तो म्हणाला, “तिथं बी एक नरसम्मा असणार, बाई. तिला कुठं ठिवू?”

दुसऱ्या दिवशी ब्रिगेडियरसाहेब आले. उंच, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. मुलं रस्त्याकडेला चुन्याच्या रेषेमागे उभी केली होती. त्यांच्या मागे साधे कपडे घातलेले जवान, आणि पालांवरची म्हातारी काठी घेऊन. शेलार मुलांच्या रांगेतच, अगदी शेवटच्या टोकाला उभा होता. नरसम्मा दुसऱ्या टोकाला. त्याला ती जवळ हवी होती, पण तिला तिच्या भावाचा हात सोडायचा नव्हता.

गाड्या निघाल्या. खऱ्या गाड्यांचा आवाज थाळीसारखा नसतो. जमीन हलली. मुलांच्या अंगात एक लाट आली. मला वाटलं, धावणार आता. पहिल्या गाडीतल्या जवानानं खिडकीतून त्यांच्याकडं पाहिलं आणि हाताची घडी घालून तोंडावर बोट ठेवलं. शेलारनं ठेवलं. आणि सगळ्या रांगेनं, खळ्ळ करून हसून, तसंच केलं. पहिली गाडी गेली. दुसरी गेली. तिसरी गेली. मी श्वास सोडला.

आणि चौथ्या गाडीतून बिस्किटाचा पुडा आला.

तो टाकणारा जवान नवा, कोवळा होता. नंतर त्यानं रडवेल्या तोंडानं सांगितलं, की पोरं इतकी शहाण्यासारखी उभी होती, त्यांना बक्षीस द्यावंसं वाटलं. पुडा रस्त्याच्या मधोमध पडला. लाल कागद उन्हात चमकला. मागून पाचवी गाडी येत होती.

सगळ्या मुलांच्या माना एकदम वळल्या. नरसम्मानं भावाचा हात सोडला. तिचा एक पाय रेषेच्या पुढं पडला.

शेलार लांब होता. तिच्या भाषेतला शब्द त्याच्याकडं नव्हता. तो हललाही नाही. तोंडावर बोट तसंच दाबून, मान पुढं काढून, तो फक्त तिच्याकडं बघत राहिला. मागच्या जवानाचा हात तिच्या खांद्याकडं निघाला. तो पोहोचायच्या आत तिनं वळून रांगेच्या त्या टोकाकडं पाहिलं, शेलारकडं. पाय मागे घेतला. बोट तोंडावर ठेवलं.

पाचवी गाडी पुड्यावरून गेली.

रस्ता मोकळा झाला. मेजर नेगी रस्त्यावर गेले, वाकले, आणि त्यांनी तो चपटा झालेला कागद उचलला. आतल्या बिस्किटांचं पीठ झालं होतं. कागद हातात घेऊन ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

“तिथं पुडा जसाच्या तसा ऱ्हायला हुता, बाई,” ते म्हणाले.

मला लगेच कळलं नाही. मग कळलं. पुडा राहिला होता, पोर राहिलं नव्हतं.

“मागल्या खेपंला, दुसऱ्या पलटणीसंगं गेलतो तवा. मी टाकला न्हवता. पर गाडी माझी हुती.”

कागदावरचं पीठ त्यांनी अंगठ्यानं झाडलं.

ब्रिगेडियरसाहेब रांगेपाशी आले. त्यांनी एकेका मुलाकडं पाहिलं, मुलांनी एकेक करून त्यांना हाताची घडी घालून दाखवली. शेवटी ते शेलारपुढं थांबले. तो सावधानमध्ये उभा.

“मेजर, हा माणूस पुढच्या गाडीचा प्रमुख होता ना?” त्यांनी हिंदीत विचारलं.

“होय, सर.”

“याला गाडीतून काढा.”

शेलारनं टाचा आणखी जुळवल्या.

“याला गाड्यांच्या आधी पाठवा. पहिल्या विमानानं. गावात पहिला हा जाईल. आणखी चार माणसं याच्या हाताखाली द्या, त्यांना हाच शिकवेल.”

“होय, सर.”

“काही बोलायचंय, नाईक?”

समुद्राचं, विमानाचं काही बोलेल असं मला वाटलं. शेलारनं रस्त्याच्या टोकाकडं पाहिलं. तिथं पाचही गाड्या उभ्या होत्या. मग मुलांकडं पाहिलं. मुलं अजून तोंडावर बोट ठेवून उभी होती, कारण खेळ संपला असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

“साब,” तो म्हणाला, “अब दे दूँ क्या? इंजन बंद है.”

ब्रिगेडियरसाहेबांनी नेगींकडं पाहिलं. नेगी हातातल्या चपट्या कागदाकडं बघत होते. मान वर न करता ते मराठीत म्हणाले, “तिथं द्यायचं न्हाय, दगडू. कधीच न्हाय.”

“व्हय, साहेब. तिथं न्हाय. हितं?”

“सगळ्या गाड्यांची इंजिनं बंद हायती?”

“बघून येतो.”

तो पळत गेला. प्रत्येक गाडीपाशी थांबला, वर चढला, उतरला. परत आला तेव्हा त्याच्या मुठीत पाचही गाड्यांच्या किल्ल्या होत्या. त्या त्यानं माझ्या ओंजळीत ओतल्या.

“धरा, बाई,” तो म्हणाला, “आन् मी मागितल्या तरी दिऊ नका.”

मग तो मुलांसमोर मातीत बसला, आणि त्यानं दोन्ही खिसे उलटे केले.